गाळ्याची घरपट्टी: टेप कुठे धरायचा आणि तारीख कोणती लिहायची

आपल्याकडे दुकानाचीही घरपट्टीच असते. गोदामाची घरपट्टी, दवाखान्याची घरपट्टी, मंगल कार्यालयाचीही घरपट्टीच. शब्द एकच असल्यामुळे आकारणीही एकाच पठडीत उरकली जाते, आणि व्यापारी मालमत्तांचा घोळ तिथूनच सुरू होतो. घराच्या आकारणीत चूक झाली तर माणूस कुरकुरत भरून टाकतो. मारुती रोडवरच्या गाळेवाल्याच्या आकारणीत चूक झाली की तो सुनावणीला वकील घेऊन येतो. आणि चूक त्याच्या फायद्याची असेल तर तो कधीच येत नाही. ही दुसऱ्या प्रकारची चूक शोधणं हे पर्यवेक्षकाचं खरं काम आहे, कारण ती दुसरं कुणीच शोधणार नसतं.

हे लिखाण सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली झालेल्या महापालिकेसारख्या ठिकाणी कर निरीक्षकांच्या कामावर देखरेख करणाऱ्यांसाठी आहे. गाळेधारकांनीही वाचायला हरकत नाही. समोरचा कागद कसा तयार होतो ते त्यांनाही कळलेलं बरं.

आधी हिशेब. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणजे पूर्वीचा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९. त्याच्या अनुसूची ड मधल्या आठव्या प्रकरणात कराधान नियम आहेत. नियम ७ सांगतो की जागा वर्षभरासाठी भाड्याने दिली तर वाजवीपणे जे भाडं अपेक्षित आहे ते धरा, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करा, उरलं ते करयोग्य मूल्य. २५ चौरस मीटरचा गाळा आणि समजुतीसाठी दरमहा चौरस मीटरला ६० रुपये दर धरला तर महिन्याचे १,५००, वर्षाचे १८,०००, वजा १,८००, करयोग्य मूल्य १६,२००. हे १० टक्के सगळ्या दुरुस्तीच्या बदल्यात असतात. रंगकाम वेगळं, शटरची दुरुस्ती वेगळी, गळतीचा खर्च वेगळा अशी वजावट मागणारा अर्ज कितीही बिलं जोडून आला तरी उत्तर तेच राहतं.

आता हाच २५ चौरस मीटरचा भाग निवासी म्हणून नोंदला गेला असता तर? निवासी दर ३० धरू. करयोग्य मूल्य निम्मं, ८,१००, हा पहिला फरक. पण बिलावर महापालिकेच्या सामान्य कराखाली राज्य शासनाचे दोन रकाने असतात, शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. शिक्षण कर वार्षिक भाडेमूल्याच्या टप्प्यांनुसार निवासी जागेला २ ते ६ टक्के आणि बिगरनिवासी जागेला दुप्पट, म्हणजे ४ ते १२ टक्के. रोजगार हमी कर निवासी जागेला नाहीच. बिगरनिवासीला १ ते ३ टक्के. भाडेमूल्य ६,००० च्या वर गेलं की सगळ्यात वरचा टप्पा लागतो. म्हणजे निवासीला ६ आणि बिगरनिवासीला १२ अधिक ३, असे १५ टक्के. मूल्य दुप्पट आणि टक्केवारी अडीचपट झाल्यामुळे शासनाचा वाटा सरळ पाचपट होतो. वापराच्या रकान्यात ‘दु’च्या जागी ‘नि’ पडला की एका अक्षरात एवढं जातं. हे दोन कर पालिका फक्त गोळा करते, पैसा शासनाचा असतो. म्हणून लेखापरीक्षणात हा आक्षेप हमखास निघतो.

म्हणून पाहणीच्या कागदावर तीन गोष्टी पक्क्या हव्यात: क्षेत्र, वापर आणि तारीख. दराबद्दल लोक सर्वांत जास्त भांडतात खरे, पण दर परिमंडळाचा, म्हणजे शहराच्या त्या भागाचा असतो, सगळ्यांना सारखा लागतो आणि तो एका निरीक्षकाच्या हातात नसतो. प्रकरणं फसतात ती या तीन गोष्टींवर.

क्षेत्रापासून सुरुवात करू. टेप भिंतीच्या आतून धरायचा की बाहेरून, हे काम सुरू होण्याआधी लेखी ठरलेलं असावं आणि दरपत्रक ज्या क्षेत्रासाठी बनलंय त्याच्याशी ते जुळलेलं असावं. फरक किरकोळ नसतो. स्वतंत्र उभं असलेलं दुकान आतून ३ बाय ६ मीटर, म्हणजे १८ चौरस मीटर. नऊ इंची भिंत २३ सेंटिमीटरची. बाहेरून मोजलं तर ३.४६ बाय ६.४६, म्हणजे २२.३५. जवळजवळ २४ टक्क्यांनी क्षेत्र वाढलं, आणि दुकान मात्र तेवढंच. मोठ्या इमारतीत हा फरक टक्क्यांत कमी दिसतो, छोट्या गाळ्याला तो झोंबतो. एका प्रभागात एक निरीक्षक आतून मोजतो आणि शेजारच्या प्रभागात दुसरा बाहेरून, असं झालं की एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कर लागतात. सुनावणीत समोरची पावती टेबलावर आली की बोलायला जागा राहत नाही.

लेसर मीटर आता स्वस्त झालेत, काम झटपट होतं. पण दुपारच्या उन्हात उघड्यावर ठिपका दिसत नाही, आणि काचेवर मारला तर किरण आरपार जाऊन पलीकडच्या भिंतीचं अंतर दाखवतो. शोरूमच्या दर्शनी बाजूला हे हटकून होतं. तिथे हातात पुठ्ठा धरून त्यावर मारायचा, नाहीतर स्टीलचा टेप काढायचा. प्रत्येक मजल्याचं हाती कच्चं रेखाटन हवं, त्यावर सगळी मापं हवीत, आणि आतल्या भागांची बेरीज अधिक भिंती बरोबर बाहेरचं माप, हा मेळ जागेवरच घालावा. कचेरीत आल्यावर मेळ बसला नाही की माणूस आकडा ‘बसवतो’, आणि बसवलेला आकडा रेखाटनात लगेच दिसतो.

एककाची गफलत वेगळीच. चौरस मीटरच्या रकान्यात चौरस फूट पडले की क्षेत्र जवळजवळ पावणेअकरा पट होतं. २५० चौरस फुटांचा गाळा म्हणजे २३.२३ चौरस मीटर. नोंद मात्र २५०. असा मालक धावत येतो आणि चूक लगेच दुरुस्त होते. उलटी चूक, म्हणजे फुटांच्या जुन्या रजिस्टरात २३ लिहिलेलं, वर्षानुवर्षं तशीच राहते. उपाय सोपा आहे. प्रभागाची सगळी बिगरनिवासी यादी क्षेत्राच्या चढत्या क्रमाने लावायची आणि वरची पन्नास, खालची पन्नास नावं स्वतः बघायची. अडीच चौरस मीटरचं किराणा दुकान नसतं. अर्थात पानटपरी असू शकते, म्हणून जागेवर जाऊन बघायचं.

मग जे मोजायचं राहून जातं ते. पोटमाळा, विशेषतः लोखंडी खांबांवर नंतर टाकलेला. मागच्या सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या ठेवायच्या जागेत, ओढलेली पत्र्याची शेड. पुढचा ओटा, शटरच्या बाहेर पण कायम मालाने भरलेला. तळघर, मंजूर नकाशात पार्किंग आणि प्रत्यक्षात मोबाइल दुरुस्तीचे चार गाळे. गच्चीवरचं हॉटेल. विश्रामबागेकडच्या नव्या संकुलांत पार्किंगचे गाळे होणं हा तर नेहमीचा प्रकार. निरीक्षक दर्शनी दुकान मोजून परत फिरतो, कारण मागे जायला दुकानातूनच वाट असते आणि मालक म्हणतो, मागे काही नाही. नियम ८ प्रमाणे माहिती मागवण्याचा आणि जागेत जाऊन पाहण्याचा अधिकार आहे. तो वापरायचा. पण आधी कळवून, दिवसाउजेडी आणि ओळखपत्र गळ्यात घालून.

वापराबद्दल सर्वांत कटकटीच्या असतात त्या मिश्र मालमत्ता. गणपती पेठेत, हरभट रोडवर जुने वाडे आहेत. पुढे दोन खणांचं दुकान, मागे माल, वर बिऱ्हाड, माडीवर शिकवणी. ‘दुकान’ किंवा ‘घर’ असा एकच शिक्का मारणं म्हणजे कुणावर तरी अन्याय. प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत, वेगळ्या क्षेत्रासह आणि वेगळ्या दराने घ्यावा, मालमत्ता क्रमांक हवा तर एकच ठेवावा. मागच्या माल ठेवण्याच्या खोलीला दर्शनी दुकानाचा दर लावू नये. भाड्याच्या बाजारात मागच्या अंधाऱ्या खोलीला पुढच्या शटरचा भाव कुणी देत नाही, आणि कायदा विचारतो तो भाड्याचाच प्रश्न. जिना कुणाच्या क्षेत्रात धरायचा हेही एकदा ठरवून टाकावं, नाहीतर तो दोघांतही येतो किंवा दोघांतूनही सुटतो.

गोदामं ही सांगलीची खासियत. मार्केट यार्डात हळद आणि बेदाणा यांचा व्यापार असल्यामुळे अडत दुकान, गोदाम, शीतगृह आणि सौद्याची ओट्यावरची जागा एकाच परिसरात मिळते. यांचं भाडं एकसारखं नसतं, म्हणून दरही एकसारखा नसावा. शीतगृहात आणखी एक पेच आहे. उंची भरपूर, आत लोखंडी मांडण्यांचे थर. तो थर माल ठेवायची मांडणी आहे की माणूस चालतो तो मजला? पक्का मजला असेल तर त्याचं क्षेत्र धरायचं, सुटी मांडणी असेल तर नाही. कागदावर ‘चार मजली शीतगृह’ एवढंच लिहिणाऱ्याला परत पाठवावं आणि फोटो मागावा. यंत्रसामग्रीची किंमत करयोग्य मूल्यात धरायची नाही हेही नियम ७ मध्येच आहे. त्यामुळे कॉम्प्रेसर कितीचा, हा प्रश्न गैरलागू. कॉम्प्रेसर ज्या खोलीत बसवलाय ती खोली मात्र मोजायची. कुपवाडकडच्या कारखान्यांच्या शेडनाही हेच लागू. मालक यंत्रांच्या नावाखाली आख्खी शेड वगळायला बघतो आणि उत्साही निरीक्षक शेडच्या नावाखाली यंत्रंही मोजतो.

यंत्र आणि बांधकाम यांच्यातली रेघ कुठे पडते, यावर सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे हाताशी ठेवावेत. इंधनाच्या साठवण टाक्या करपात्र आहेत, हे मुंबई महापालिका आणि इंडियन ऑइल यांच्यातल्या निकालात आलं. मोबाइल टॉवर हे मालमत्ता कराच्या दृष्टीने इमारतच, असं अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात २०१६ साली ठरलं. त्यामुळे पेट्रोल पंपावर फक्त कॅबिन आणि छत मोजून निघायचं नाही, आणि गच्चीवरच्या टॉवरची आकारणी घरमालकाच्या घरात मिसळायची नाही. टॉवर वेगळ्या ओळीत, कंपनीच्या नावाच्या नोंदीसह, भाडेकराराची प्रत जोडून. करार सहसा घरमालकाकडे मिळतो. कंपनीला पत्र पाठवून वाट बघत बसण्यापेक्षा जिना चढणं सोपं.

मंगल कार्यालयाचं काय करायचं? हॉल बांधीव, त्याचा प्रश्न नाही. पण कमाई बहुधा लॉनची असते, आणि लॉन ‘मोकळी जागा’ म्हणून सुटतं. व्यापारी वापरातली मोकळी जागा ही वेगळी नोंद आहे आणि तिला वेगळा दर हवा. हंगामी वापराचा मुद्दा सुनावणीत येतोच: चातुर्मासात लग्नं नसतात, मग वर्षाचं भाडं कसं धरता? मुद्दा फेकून देण्यासारखा नाही. अपेक्षित वार्षिक भाडं म्हणजे रोजच्या भाड्याला ३६५ ने गुणणं नव्हे. अशी जागा कुणी वर्षाच्या कराराने चालवायला घेईल तर काय देईल, तो आकडा शोधायचा.

मिरजेतल्या दवाखान्यांत ‘ट्रस्ट’ हा शब्द ऐकू आला की हात आखडता घेण्याची पद्धत आहे. कलम १३२ मधली सामान्य करातली सूट जागेला तिच्या वापरावरून मिळते, नावावरच्या पाटीवरून नाही. केवळ सार्वजनिक पूजा किंवा धर्मादाय कामासाठी वापरली जाणारी जागा सुटते, आणि त्याच आवारातलं भाड्याने दिलेलं औषधाचं दुकान, कँटीन, खासगी तपासणी केंद्र सुटत नाही. सूट मागणाऱ्याकडून नोंदणी प्रमाणपत्राबरोबर हिशेबपत्रकंही मागावीत, आणि सूट दिली तर ती कोणत्या ओळीला दिली हे लिहावं. मिरज जंक्शनच्या रेल्वेच्या मिळकती हा वेगळा विषय. केंद्राची मालमत्ता संविधानाच्या अनुच्छेद २८५ खाली करमुक्त असते आणि तिथे सेवाशुल्काची बोलणी करावी लागतात. राष्ट्रीयीकृत बँका या सवलतीत बसत नाहीत, हे त्यांच्या व्यवस्थापकांना दर तीन वर्षांनी, बदली झाली की, नव्याने सांगावं लागतं.

बँकांवरून भाड्याचा मुद्दा. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या जागेला त्या कायद्याने ठरणाऱ्या प्रमाणभाड्यापेक्षा जास्त भाडं ‘वाजवी अपेक्षित’ म्हणून धरता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या दिवाण दौलतराय कपूर निवाड्यापासून हा धागा चालत आलाय. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३ ने बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि भरणा झालेलं भागभांडवल एक कोटी किंवा त्याहून जास्त असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा त्या संरक्षणातून बाहेर काढल्या. शंभर फुटी रोडवरच्या ब्रँडेड शोरूमला म्हणूनच करारातलं भाडं धरता येतं आणि तिथे दरपत्रकाचा दर लावून मोकळं होणं हे नुकसान आहे. करार मात्र नीट वाचावा. जागेचं भाडं ४०,००० आणि ‘फर्निचर व सुविधा’ २०,००० अशी फोड दिसली की सुविधा नेमक्या कोणत्या ते विचारावं. रिकाम्या हॉलमध्ये दोन पंखे असतील तर ते ६०,००० जागेचेच. अनामत अवाढव्य आणि भाडं नाममात्र असेल तर त्या करारावर विसंबू नये, आसपासच्या चार गाळ्यांचे नोंदणीकृत करार बघावेत. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे सक्तीचं आहे, त्यामुळे तुलना मिळते.

इथेच पुराची गोष्ट येते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी याच्या कितीतरी वर गेलं आणि बाजारपेठेतली तळघरं, तळमजले बुडाले. पूररेषेतल्या तळघराला उंचावरच्या तळघराइतकं भाडं येईल का, ही हरकत भावनिक नाही, ती थेट नियम ७ मधली आहे. पण तिला पुरावा लागतो: पुराआधीचा आणि नंतरचा करार, किंवा त्याच गल्लीतले नंतरचे करार. पुरावा असेल तर दर कमी करा आणि कारण आदेशात लिहा. नसेल तर पाण्याच्या खुणेचा फोटो हा भाड्याचा पुरावा होत नाही.

हरिपूर रस्त्याला हद्द ओलांडली की पद्धतच बदलते. ग्रामपंचायतीत २०१५ च्या अखेरच्या नियमदुरुस्तीपासून भांडवली मूल्यावर, म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर, कर बसतो. हद्दीलगतच्या गोदामांच्या मालकांना दोन्हीकडचे आकडे तोंडपाठ असतात आणि ते दोन वेगळे हिशेब शेजारी ठेवून भांडतात. त्यांना एवढंच दाखवायचं की मोजपट्टीच वेगळी आहे. महापालिकेलाही भांडवली मूल्याचा पर्याय कायद्याने दिलेला आहे, पण त्यासाठी तसा निर्णय करावा लागतो. एकेका मालमत्तेला सोयीनुसार पद्धत बदलता येत नाही.

आता तारीख. सर्वांत कमी लक्ष इकडे असतं आणि सर्वांत जास्त प्रकरणं इथेच पडतात. वर्षाच्या मध्यात नवी नोंद किंवा वाढ झाली तर ती नियम २० खाली होते, आणि ती चालू वर्षात ज्या दिवशी बदलाचं कारण निर्माण झालं त्या दिवसापासून धरली जाते. निरीक्षकाने ज्या दिवशी पाहिलं त्या दिवसापासून नाही, आणि सरसकट १ एप्रिलपासूनही नाही. गाळा सप्टेंबरात सुरू झाला असेल तर सप्टेंबर. मग कारण कधी निर्माण झालं हे दाखवायला कागद हवा. भोगवटा प्रमाणपत्र असेल तर उत्तम. नसेल तर व्यापारी वीजजोडणीची तारीख, जीएसटी नोंदणीचा पत्ता, अन्न परवाना, भाडेकरार, आकाशचिन्ह (जाहिरात फलक) परवाना. दोन कागद जुळले की तारीख पक्की. नुसतं ‘शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून’ लिहिलं तर शेजारी सुनावणीला येत नाही.

आकारणीतून सुटलेल्या जुन्या वर्षांसाठी अधिनियमात कलम १५०अ आहे आणि सहा वर्षांपर्यंत मागे जाता येतं. त्यासाठी स्वतंत्र नोटीस द्यावी लागते. चालू बिलात ‘मागील फरक’ अशी एक ओळ घालून सहा वर्षं वसूल करायला गेलं की ती ओळ कोर्टात टिकत नाही, आणि तिच्याबरोबर चालू वर्षाची बरोबर आकारणीही अडकून पडते.

परवानगीशिवायच्या बांधकामाला कलम २६७अ प्रमाणे मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लागते, ते बांधकाम अनधिकृत राहील तोवर दरवर्षी. निवासी बांधकामांना नंतर सवलतीचे टप्पे आले, त्यामुळे वापराचा रकाना पुन्हा महत्त्वाचा. शब्दाचा एक घोळ इथे आहे. उशिरा भरल्याबद्दल दरमहा २ टक्के लागतात, त्यालाही कचेरीत ‘शास्ती’च म्हणतात. थकबाकीवरची शास्ती माफ झाल्याची बातमी आली की अनधिकृत बांधकामवालेही काउंटरवर येतात. बिलावर दोन्हींची नावं वेगळी छापली तर निम्मी भांडणं वाचतील. गुंठेवारीतल्या दुकानांबाबत अजून एक काळजी घ्यायची: कर लावल्याने बांधकाम नियमित होत नाही आणि असेसमेंट उतारा हा मालकीचा पुरावा नाही, ही दोन वाक्यं उताऱ्यावरच छापलेली हवीत. उतारा घेऊन माणूस आधी बँकेत जातो आणि मग वादात.

नाव कुणाचं लावायचं? प्राथमिक जबाबदारी जागा भाड्याने देणाऱ्याची, म्हणून भाडेकरूचं नाव भोगवटादाराच्या रकान्यात आणि मालकाचं मालकाच्या. अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. मोकळी जमीन एक वर्षापेक्षा जास्त मुदतीने दिली आणि घेणाऱ्याने तिच्यावर स्वतः बांधकाम केलं, तर कलम १३९ प्रमाणे कर पहिल्यांदा त्याच्याकडूनच. मार्केट यार्डासारख्या ठिकाणी, जिथे भूखंड भाडेपट्ट्याने आणि इमारत व्यापाऱ्याची असते, तिथे बाजार समितीच्या नावाने बिल काढून वर्षभर पत्रव्यवहार करत बसायची गरज नसते. पट्ट्याची प्रत मात्र फाइलला हवी.

देखरेख म्हणजे सह्या करणं नव्हे. निरीक्षक एकाच प्रभागात वर्षानुवर्षं ठेवू नये, आणि त्याने केलेल्या नोंदींपैकी काही दुसऱ्याने पुन्हा मोजाव्यात. पुन्हा मोजायच्या कोणत्या हे निरीक्षकाला आधी कळू नये. निवड चिठ्ठीने करावी, पण तीन प्रकार त्यात हटकून घ्यावेत: ज्यांचं क्षेत्र फेरआकारणीत कमी झालं, ज्यांचा वापर बिगरनिवासीवरून निवासी झाला, आणि ज्यांची तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. दोन मापांत दोन-तीन टक्के फरक आला तर तो टेपचा. पंधरा टक्के आला तर त्या निरीक्षकाचा सगळा गठ्ठा परत काढायचा.

सुटलेल्या मालमत्ता शोधायला याद्या जुळवायच्या. महावितरणच्या व्यापारी जोडण्यांची यादी सर्वांत कामाची, कारण विजेशिवाय दुकान चालत नाही. दुकान नोंदणीच्या यादीवर पूर्वीसारखा भरवसा ठेवू नये. २०१७ च्या कायद्यानंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी लागत नाही, नुसती सूचना पुरते, आणि पेठेतली बहुतेक दुकानं त्यातच मोडतात. नगररचना विभागाचं बांधकाम परवान्यांचं रजिस्टर आणि अग्निशमनचे सहामाही ‘ब’ नमुने (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे दाखले) या याद्या शेजारच्याच खोलीत पडलेल्या असतात. मागितल्या की मिळतात, कुणी मागत नाही एवढंच. सर्वेक्षण खासगी एजन्सीला दिलं असेल आणि मोबदला दर मालमत्तेमागे असेल, तर एका दुकानाच्या तीन मालमत्ता होतात: दुकान, पोटमाळा, मागची खोली. करारातच मालमत्तेची व्याख्या घालावी, आणि एकाच मालकाच्या लागून असलेल्या नोंदी तपासल्याशिवाय बिल मंजूर करू नये.

नोटीस देताना ती कुणाच्या हाती दिली, त्याचं मालकाशी नातं काय आणि तारीख कोणती, हे लिहिलेलं हवं. घेतली नाही तर दोन पंचांसमोर डकवून फोटोसह पंचनामा. सुनावणीत हरकतदाराचं म्हणणं लिहून घ्यायचं, आणि मापाबद्दल वाद असेल तर तिथेच संयुक्त मोजणीची तारीख द्यायची. वादाचा मोठा भाग संयुक्त मोजणीतच मिटतो, कारण टेपचं दुसरं टोक हरकतदाराच्या हातात असतं. आदेशात मान्य क्षेत्र, लावलेला दर, तुलनेचे गाळे आणि प्रत्येक मुद्द्याला उत्तर हवं. ‘हरकत अमान्य, आकारणी कायम’ एवढ्या चार शब्दांच्या आदेशाला अपिलात काही आधार उरत नाही. कलम ४०६ खालचं अपील पंधरा दिवसांत करावं लागतं, आधी हरकत घेतलेली असावी लागते आणि वादातली रक्कम भरावी लागते. ही अट नोटिशीच्या मागे साध्या मराठीत छापावी. माहीत नसल्यामुळे मुदत गेली म्हणणारा माणूस पुढची चार वर्षं दर महिन्याला अर्ज देतो.

साताऱ्यासारख्या नगरपरिषदेत कायदा नगरपरिषदांचा, १९६५ चा आणि रचना थोडी वेगळी. तिथे आकारणी यादीच्या मूल्यनिर्धारणात नगररचना विभागाचा अधिकारी असतो आणि लोक ‘चतुर्थ वार्षिक’ या नावानेच तिला ओळखतात. २०२० च्या हद्दवाढीनंतर आत आलेल्या उपनगरांतल्या दुकानांना जुन्या शहरातल्या खणआळीचा दर लावता येत नाही. तिथली परिमंडळं नव्याने पाडावी लागतात. मोजमाप, वापर, तारीख यांचे नियम मात्र तेच.

फाइल बंद करताना आत काय असावं: रेखाटन मापांसह, दर्शनी आणि मागच्या बाजूचे फोटो, वापराचा आणि तारखेचा प्रत्येकी किमान एक कागद, दर कोणत्या परिमंडळाचा याची नोंद, नोटिशीची पोच, सुनावणीचा जबाब, आदेश, आणि मागणी रजिस्टरात बदल केल्याचा पान क्रमांक. शेवटचा क्रमांक सर्वांत जास्त वेळा कोरा असतो. आदेश होतो, मालक खूश होऊन जातो, रजिस्टरात जुनाच आकडा राहतो आणि पुढच्या एप्रिलला जुनंच बिल छापून येतं.